उंबऱ्यातला खिळा

आमच्या आईने उभ्या आयुष्यात कुणा पोटुशी बाईची ओटी भरली नव्हती. हळदीकुंकवाला जायची, नवरीला हळद लावायची, मुलांना ओवाळायची. पण पोटुशी बाई समोर आली की हिचे हात पदराखाली. कुणाकडे डोहाळजेवणाचं आमंत्रण आलं की त्याच दिवशी हिचे गुडघे धरायचे. आणि घरातच कुणाचं बाळंतपण निघालं तर पिशवी भरून ही मोखाड्याला माहेरी निघून जायची. बाळ-बाळंतीण सव्वा महिना सुखरूप पार पडल्याचं कळलं की मगच जव्हारला परत.

माझ्या वेळीही तिने तेच केलं. मी इथे दवाखान्यात कळा सोसत होते आणि सख्खी आई घाटापलीकडे मोखाड्यात बसून होती. सासूबाईंनी सगळं केलं, त्यांना नावं ठेवायला जागा नाही, पण त्या वेळी माणसाला आपली आईच हवी असते हो. त्याचा राग मी कित्येक वर्षं धरून होते. भांडण कशावरूनही होवो, मी शेवटी तिथेच यायचे. ती ऐकून घ्यायची आणि एवढंच म्हणायची, "माझा हात नको तुला. आईला खाऊन बसलेली बाई मी."

हे वाक्य तिचं नव्हतं. ते तिला तिच्या आत्याने दिलेलं. आईची आई, म्हणजे माझी आजी, आईला जन्म देऊन सव्वा महिना व्हायच्या आत गेली. आजोबांनी पुढे दुसरं लग्न केलं, पण आईला वाढवलं ते त्यांच्या बहिणीने. सगळे तिला आत्याबाई म्हणत. नवऱ्याने टाकलेली, पोटी मूल नाही, भावाच्या घरी राबून दिवस काढलेले. जिभेला धार फार. दूध उतू गेलं तरी आणि पाऊस लांबला तरी आईच्या वाट्याला तेच, "आईला खाल्लंस, आता घराला खा."

पण याच आत्याबाईची दुसरी गोष्ट आमच्या घरात कौतुकाने सांगायचे. आजी गेल्यावर तान्ही पोर, म्हणजे आमची आई, भुकेने कळवळून रडत होती, कुणाला काही सुचत नव्हतं, तेव्हा आत्याबाईने तिला उराशी धरलं आणि मूल न झालेल्या त्या बाईला पान्हा फुटला. देवाची करणी. ही गोष्ट मी लहानपणी ऐकली, मग माझ्या लेकीला सांगितली. सांगताना माझ्याच अंगावर काटा यायचा. तिच्यात काही विचारण्यासारखं आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नाही.

आता खिळ्याचं सांगते. बाळंतीण गेली की तिचा जीव लेकराभोवती घुटमळतो, ती परत येते, अशी जुनी समजूत. हडळ हा शब्द घरच्या माणसांसाठी कुणी वापरत नसे, पण अर्थ तोच. म्हणून तिला नेताना मागून वाटेवर नागली शिंपडत जायची. दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला परतता येत नाही म्हणे. आणि घराच्या उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकायचा, म्हणजे ती आत पाऊल टाकणार नाही. मोखाड्याच्या आमच्या आजोळी तो खिळा होता. घर पुढे पाडून बांधलं, खाली दुकानाला शटर आलं, वर स्लॅब पडला, पण मागच्या दाराचा सागाचा उंबरा चांगला होता म्हणून तोच पुन्हा बसवला, खिळ्यासकट. आई लहानपणी रोज सकाळी तो उंबरा पुसायची, हळदकुंकू वाहायची. एकदा तिने विचारलं, हा खिळा कशाचा? आत्याबाई म्हणाली, "तुझ्या आईसाठी आहे तो. तुझ्यापायी गेली ना."

पोरीला हे सांगायचं? काय म्हणावं या माणसांना. पण सांगितलं खरं, आणि आईने ते ऐंशी पार होईपर्यंत जपून ठेवलं.

यंदा माझी लेक पोटुशी राहिली. ती नाशिकला नोकरी करते. फोनवर म्हणाली, "आई, डोहाळजेवण जव्हारलाच करायचं आणि माझी ओटी आजीने भरायची. नाहीतर मला काहीच नको." हट्टी आहे. कुणावर गेली ते सांगायची गरज नाही. मी आईला सांगितलं. आईने कपाटातून तिची पिशवी काढली आणि लुगडी घड्या घालायला घेतली. मोखाड्याला निघायची तयारी. मला इतका संताप आला की मी ती पिशवी ओढून घेतली आणि वर लोखंडी पेटीत टाकून कुलूप लावलं. आई माझ्याकडे नुसती बघत राहिली. भीती होती तिच्या डोळ्यांत, साधी नाही, तिच्या हाताने नातीचा जीव जाईल अशी. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या बाळंतपणाला ती मला टाकून गेली नव्हती, मला वाचवायला गेली होती.

मग मी ठरवलं, आजी खरोखर कशाने गेली ते शोधायचं. मी शाळेच्या ऑफिसात नोकरी केलेली बाई. जातपडताळणीसाठी माणसं पणजोबा-खापरपणजोबांच्या मृत्यूच्या नोंदी काढून आणतात, त्यांच्या नकला माझ्या टेबलावरून शेकड्याने गेल्या. त्यात मृत्यूच्या कारणाचा रकाना असतो, पण तो कुणी वाचत नाही. सगळ्यांना जात हवी असते. मला पहिल्यांदाच तो रकाना हवा होता.

मोखाड्याला गेले तो बाजाराचा दिवस होता, जीपमध्ये कोंबड्या न् माणसं सारखीच दाटलेली. जुनं दप्तर जिथे ठेवलंय तिथल्या साहेबांनी विचारलं, "जातीसाठी ना?" मी म्हटलं, "नाही, आजी कशाने मेली ते बघायचंय." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "आता कळून काय करणार?" "मला करायचंय ते मी करीन, तुम्ही वही काढा." अर्ज रीतसर दिलेला होता, त्यामुळे त्यांचा नाइलाज झाला. नोंदी मोडीत. लोकांना मोडी वाचून देणारे एक पेन्शनर गृहस्थ तिथे बाकावर बसलेले असतात, त्यांना बरोबर घेतलं.

ते बोट फिरवत वाचत गेले आणि मी ऐकत राहिले. पटकी. देवी. हगवण. संग्रहणी. आकडी. खोकला. वाघाने मारले. जलोदर. मग पुन्हा ताप, ताप, ताप. माणसं एका ओळीत संपलेली. म्हातारा, वय साठ, खोकला. मुलगी, वय दोन, देवी. मी आले होते एका ओळीसाठी, पण मधली एकही ओळ मला ओलांडता येईना. यांचंही कुणी कुठेतरी असेल आणि त्यांना हे ठाऊकही नसेल.

एका बाईपुढे 'बाळंतरोग' असं कारण होतं. मी घाईने घराचं नाव विचारलं. पण घर दुसरं निघालं. आणखी काही पानं उलटली आणि आजी सापडली. तिचं नाव नव्हतंच. आजोबांचं नाव आणि पुढे 'यांची बायको', वय वीस. कारण: ताप.

"ताप?" मी दोनदा विचारलं. "तापच आहे," गृहस्थ म्हणाले. बाळंतरोग हा शब्द त्याच लिहिणाऱ्याला येत होता, चार पानं आधी त्याने तो लिहिलाही होता. तरी आजीपुढे ताप लिहिला. मला वाटलं, झालं काम. जीपमध्ये बसून मी अख्खी वाट मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, बाळंतीण जाते तीसुद्धा तापानेच जाते. अंग फणफणतं, वात होतो, बडबडते आणि जाते. लिहिणाऱ्याला काय, ताप दिसला, ताप लिहिला."

"मग दुसरीच्या पुढे बाळंतरोग कसं लिहिलं?"

"घरच्यांनी सांगितलं तसं लिहितात. माझ्या बापाची जीभ वळली नसेल तसं सांगायला. आणि खिळा काय हौस म्हणून ठोकला होता?"

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. राग आईवर नव्हता, तिचं बरोबर होतं याचा होता. हिवतापही तापच, मुदतीचा तापही तापच, बाळंतिणीला चढतो तोही तापच. त्या काळी एवढ्या एका शब्दात सगळं भरायचे आणि पुढच्या ओळीवर जायचे. त्या शब्दाच्या भरवशावर माझी आई लेकीच्या लेकीची ओटी भरणार नव्हती.

भांडी घासता घासता सुचलं की मी आजीचीच ओळ बघून उठले. आजूबाजूला काय चाललं होतं ते पाहिलंच नाही. ताप जर साथीचा असेल तर तो शेजारीपाजारीही गेला असेल. नुसती एक बाळंतीण धरून कशी बसेल साथ?

डोहाळजेवणाला फार दिवस उरले नव्हते. पुन्हा मोखाडा. साहेब म्हणाले, "आता काय राहिलं?" मी म्हटलं, "आता शेजारी बघायचेत." मोडी वाचणाऱ्या गृहस्थांना म्हटलं, आजीच्या आधीची नि नंतरची पानं सगळी वाचा, घरांसकट. ते कंटाळले होते, पण वाचत गेले. आमच्याच आळीतला एक म्हातारा, ताप. त्याच्या पलीकडच्या घरातला तरणाताठा माणूस, ताप. वाण्याची सून, ताप. ती काही बाळंतीण नव्हती, तसं काही लिहिलेलं नव्हतं. मग आजीच्या थोड्या आधी एक ओळ आली आणि गृहस्थ अडखळले. "हे घर तुमचंच दिसतंय," ते म्हणाले. "घरमालकाच्या बहिणीचा मुलगा. वय तीन महिने. कारण ताप."

मी म्हटलं, "पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. आजोबांना बहीण एकच होती.

म्हणजे आत्याबाईला मूल होतं. बाळंतपणाला माहेरी आली असणार, तान्हं घेऊन राहिली असणार, साथ आली आणि ते गेलं. नवरा पुढे नांदवायला न्यायला आला नसेल. आणि आम्ही कुणीच हे कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कुठून? दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. त्याचे दिवस नाहीत, श्राद्ध नाही, पितृपक्षात त्याचं पान नाही. माझी आजी सवाष्ण गेली म्हणून अविधवा नवमीला तिच्या नावाने आजही आमच्याकडे सवाष्ण जेवते, म्हणून ती आठवणीत राहिली. त्या पोराच्या नावाने वर्षाकाठी कुणी शितभर भातही बाजूला काढला नाही. घरातून ते पुसलं गेलं. लिहिणाऱ्याला मात्र दात आले होते की नाही याच्याशी कर्तव्य नव्हतं, मेलेलं माणूस म्हणून त्याने लिहून टाकलं.

घरी आले तेव्हा आई ओसरीत तांदूळ निवडत होती. ओटीसाठी जामसरहून नवे तांदूळ मागवले होते, तेच. ओटी भरणार नाही म्हणणारी बाई तांदूळ मात्र निवडत होती. मी शेजारी बसले आणि सगळं क्रमाने सांगितलं. म्हातारा, तरणा माणूस, वाण्याची सून. "ताप आधी आळीत होता, आई. मग आपल्या घरात शिरला. आधी एक तान्हं मूल गेलं आणि मग तुझी आई. तुझ्यामुळे नाही गं आला तो."

तिचे हात थांबले. "कुणाचं मूल?"

"आत्याबाईचं. मुलगा होता. तीन महिन्यांचा."

सूप आईच्या मांडीवर तसंच. मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही, मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात ती म्हणाली, "मग देव कुठला गं? ते दूध त्याचं होतं."

मला नुसती साथ दिसली होती, कोण आधी गेलं नि कोण नंतर. अख्खा जीपचा प्रवास करून आले आणि हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. देवाची करणी म्हणून जी गोष्ट आम्ही इतकी वर्षं सांगितली, तिच्यात मेलेलं पोर होतं आणि त्याच्या आईच्या अंगावर दूध तसंच राहिलं होतं.

"मी चांगली मोठी होईपर्यंत पीत होते," आई म्हणाली. "मला थोडं आठवतं. पाजताना ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. मला वाटायचं, हिला माझं तोंड बघवत नाही." तिने पदर डोळ्यांना लावला. "नसेलच बघवत. त्याच्या जागी मी. किती शिव्या दिल्या मला. पण दूध तोडलं नाही हो तिने, कधीच नाही तोडलं."

आम्ही दोघी बराच वेळ रडलो. मी आजीसाठी रडले की आत्याबाईसाठी की माझ्या आईसाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. आत्याबाईच्या त्या जिभेचा मी जन्मभर राग केला होता.

मग आईनेच खिळ्याचा विषय काढला. मी काढणार नव्हते, माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "खालच्या आळीत एक होती. माझ्या लहानपणीची गोष्ट. बाळंतीणच होती, गवत काढायला गेली आणि तिला पान लागलं." आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, साप चावला तर पान लागलं म्हणतात. "तिच्याही उंबऱ्यात ठोकला होता खिळा. मी बघितलाय." ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे कशाने गेली ते बघून नाही ठोकत. सव्वा महिन्याच्या आत गेली की ठोकतात."

इतकी वर्षं हे तिला माहीत होतं. दोन्ही खिळे तिने डोळ्यांनी पाहिले होते, पण एकाशेजारी दुसरा कधी ठेवून बघितला नव्हता. ज्याला लहानपणीच दोषी ठरवलं तो पुरावे तपासायला बसत नाही.

"ओटी मोखाड्याला भरू," आई म्हणाली. "त्या घरात."

माझी लेक आली. वळणं आहेत, हळू ने, असं ड्रायव्हरला दहा वेळा बजावून आम्ही गाडीने मोखाड्याला गेलो. आजोळी आता माझा मामेभाऊ आणि त्याची बायको असतात. आधी कळवलं होतं, त्यामुळे पाट मांडलेला, भोवती रांगोळी, ताटात खण-नारळ तयार. आई कशाकडेच बघेना. थेट मागच्या दाराशी गेली, भिंतीला धरून खाली बसली आणि माझ्या मामेभावाला म्हणाली, "पक्कड आण. हा खिळा काढ."

वहिनीचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "आजच कशाला? पोटुशी बाई घरात आहे. जुन्या माणसांनी काही विचार करूनच ठोकला असेल ना."

मला तिचा राग आला नाही. शेजारीच माझी लेक पोटावर हात ठेवून उभी होती आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही वाटलं, राहू दे तो खिळा. दप्तरखान्यात दोनदा जाऊन आलेली मी, तरी वाटलं.

आई म्हणाली, "आली तर येऊ दे. माझी आई आहे ती."

भाऊ पक्कड घेऊन बसला. खिळा डोक्यापर्यंत लाकडात रुतलेला, भोवती हळदकुंकवाचा थर. त्याने तेल सोडलं, छिन्नीने कडेचं लाकूड थोडं उकरलं, डोकं पकडीत धरून हलवत राहिला. बराच वेळ लागला. मग तो एकदम सुटला आणि भावाने तो आईच्या तळहातावर ठेवला.

गंजलेला, वाकडा, करंगळीएवढा. आई तो उलटसुलट करून बघत राहिली. आम्हाला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "एवढ्याशा खिळ्याला ती थांबली असेल होय गं? मी आत रडत होते."

आईने खिळा उंबऱ्याबाहेर ठेवला, हात पदराला पुसले आणि माझ्या लेकीला म्हणाली, "ये बाळा, बस पाटावर. ओटी भरते तुझी."